एकटा नारळ

नारळांची चित्रं मी माझ्या हाताने काढली होती, हे आधी सांगून टाकते. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायला जागा नाही. पांगाईला, होडीने जायच्या मोठ्या गावी, शिक्षकांचं शिबिर झालं, तिथे सांगितलं की लहान पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवायची तर त्यांच्या रोजच्या बघण्यातल्या वस्तू घ्या. पुस्तकात सफरचंदं होती. आमच्या बेटावर सफरचंद कुणी बघितलंय? मी खोकी फाडली, वीस पुठ्ठे कापले आणि एकपासून वीसपर्यंत नारळ रंगवले. तपकिरी रंग संपला तेव्हा कॉफी कालवली. पुठ्ठे असे झकास झाले की मुख्याध्यापक पोसेसी मास्तर म्हणाले, "लुसेआने बाई, फोडून खावेसे वाटतात." दोन वर्षं मी पहिलीचा वर्ग त्या पुठ्ठ्यांवर चालवला.

शाळा म्हणजे समुद्राकडे पाठ करून उभ्या तीन खोल्या. पहिली-दुसरी माझ्याकडे, बाकीची पोरं मास्तरांकडे. माझी रीत साधी होती. दोन पुठ्ठे वर धरायचे, "मिळून किती?" विचारायचं आणि तीन टाळ्या वाजवायच्या. तिसऱ्या टाळीच्या आत उत्तर आलं पाहिजे. बोटं मोजायची नाहीत, छताकडे बघायचं नाही. स्वतःचं नाव विचारल्यावर कुणी बोटं मोजतं का? पाच आणि तीन आठ हे तसंच तोंडात बसलं पाहिजे. बाकीच्या पोरांच्या तोंडात बसलंही. बसलं नाही ते एकीच्या, आणि ती माझी सख्खी भाची.

तोकिलुपे माझ्या भावाची, कितिओनेची, तिसरी मुलगी. सात वर्षांची, काटक, ढोपरं कायम खरचटलेली. कितिओनेला चार मुलीच. थोरल्या दोघी आईबरोबर चटया विणायच्या, धाकटी अंगावर पीत होती, आणि ही तिसरी बापाच्या मागे रानात. आमच्यात रान, सुरणं, नारळ हे पुरुषांचं काम. मुलीला कोयता देऊन रानात नेतात का, असं मी भावजयीला दोनदा ऐकवलंही होतं. भावजय लेसिएली खाली बघून म्हणाली होती, "मुलगा नाही ना वन्सं, मग कुणाला नेतील?"

भावाला ऐकवलं नाही, कारण बहीणभाऊ आम्ही समोरासमोर बोलत नाही. मी दहाची झाले तेव्हापासून तो माझ्या खोलीत आलेला नाही. मी त्यांच्या घरी गेले की तो मागच्या दाराने बाहेर जातो. काय सांगायचं ते बायकोकडून सांगतो. आणि आत्याचा शब्द म्हणजे शब्द. भावाच्या पोरांचं नाव कुणी ठेवायचं, त्यांना कुठे धाडायचं, कुणाशी लग्न लावायचं, सगळं आत्या सांगणार आणि भाऊ मान खाली घालणार. माझं लग्न झालं नाही, स्वतःचं मूलबाळ नाही. हा एक मान तेवढा माझ्याकडे होता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा.

त्या वर्षी सहा महिने पाऊस नव्हता. सिमेंटच्या टाकीला सरपंचाने कुलूप घातलं होतं, घरटी दोन बादल्या पाणी. सुरणाची रोपं जागच्या जागी वाळली. नारळ तेवढे होते, तेही मुठीएवढे. त्यातच पांगाईला चर्चचं मोठं संमेलन. घरटी विसाच्या पाच कोड्या सोललेले नारळ द्यायचे असं ठरलं. बुधवारी होडी येणार होती नारळ न्यायला. त्याच होडीतून तपासणी साहेब येणार होते, पहिलीच्या पोरांची बेरीज-वजाबाकी तपासायला. साहेब दुपारी परत जाणार, नारळही त्याच होडीतून जाणार.

आदल्या गुरुवारी मी वर्गाची तालीम घेतली. घामाने पुठ्ठे हाताला चिकटत होते. सेमीसी म्हणून एक चुणचुणीत पोरगा होता, त्याला विचारलं, त्याने टाळीआधीच उत्तर फेकलं. मग मी तोकिलुपेला उभं केलं. एका हातात पाच नारळांचा पुठ्ठा, एका हातात तीन नारळांचा.

"मिळून किती नारळ?"

तिने बघितलं आणि लगेच म्हणाली, "चार."

"पाचात तीन मिळवले आणि चार झाले? खाल्लेस की काय मधले?"

वर्ग हसला. तिने परत बघितलं. "चारच आहेत बाई."

मी पुठ्ठे बदलले. पाच आणि दोन. "आता?"

"तीन," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि एक एकटा."

"एकटा? हे कुठलं उत्तर? सात म्हणायला जीभ वळत नाही का? कोण एकटा?"

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. वर्गात मला 'तुम्ही' म्हणायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी म्हणाली, "एकटा तुझा, आत्या."

पोरं जी हसत सुटली! शेजारच्या खोलीतून पोसेसी मास्तर डोकावले. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, एकट्या घरात राहते, हे बेटावर कुणाला माहीत नाही? रात्री काव्ह्याचं पेय प्यायला बसले की पुरुष माझ्यावर काय काय बोलतात तेही माझ्या कानावर येत असतं. पण सात वर्षांच्या पोरीने, माझ्याच रक्ताच्या, भर वर्गात ते म्हणावं? माझं डोकं फिरलं. मी पट्टी उचलली आणि तिच्या तळहातावर दोन मारल्या. ती रडली नाही. नुसती हाताकडे बघत राहिली. त्या दिवसापासून पोरं तिला 'एकटा नारळ' म्हणायला लागली. सुट्टीत तिच्यामागे ओरडत पळायची, "ए एकटा! एकटा कुणाचा?" मी ऐकलं आणि कानाडोळा केला.

संध्याकाळी भावाच्या घरी गेले. कितिओने मागच्या अंगणात नारळ सोलत होता. जमिनीत अणकुचीदार खुंट रोवलेला, त्यावर नारळ आपटायचा, पिळायचा, की सालटं फाटून येतं. मला बघून तो खुंट सोडून माडांकडे निघून गेला. मी चटईवर बसले. लेसिएलीने वाटीभर पाणी पुढे केलं. त्यांच्या दोन बादल्यांतलं होतं, म्हणून मी घोटभरच प्यायले.

"वन्सं, चुकलं असेल तिचं," लेसिएली म्हणाली. "कुठे बोलायचं कळत नाही तिला."

"चुकलं ते राहू दे. पहिलीत दुसरं वर्ष आहे तिचं. बुधवारी साहेब येतायत. त्यांच्यापुढे नापास झाली की तिसऱ्या वर्षी पाच वर्षांच्या पोरांत बसणार. ते मला बघवणार नाही."

"मग काय करायचं म्हणता?"

"राजधानीत, नुकुअलोफाला, माझी चुलतबहीण आहे. तिच्या घराजवळ मंद पोरांची शाळा आहे. बुधवारी नापास झाली तर त्याच होडीतून साहेबांबरोबर तिला पांगाईमार्गे धाडते."

लेसिएलीच्या हातातली चटईची पात थांबली. "किती दिवसांसाठी, वन्सं?"

"शिकेपर्यंत."

ती काय बोलणार होती? आत्या बोलली होती. पडवीत तोकिलुपे धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती, तिने सगळं ऐकलं. माडांमागे कितिओनेचा कोयता कशावर तरी आपटत होता, तोही थांबला.

मी काही कसाई नाही. पोरगी पास व्हावी असंच मला वाटत होतं. शुक्रवारी, शनिवारी, सोमवारी मी रोज दुपारी पुठ्ठे काखेत मारून त्यांच्या घरी गेले. तोकिलुपे माझ्यासमोर मांडी घालून बसायची, तळहात ढोपराखाली लपवून. बाहेर कितिओने सोलायला परत लागायचा. मध्ये एक झावळ्यांची भिंत, पलीकडून तो ऐकतोय हे मला माहीत असायचं.

"आठ नारळ, चार नारळ?"

"सहा."

"अगं बाई माझे! आठाला चार मिळवले! दहा नारळ, चार नेले?"

"तीन."

"डोकं आहे का खोबरं?"

शुक्रवारी एकदाच पुठ्ठे हातातून निसटले. ते गोळा करता करता मी सहज विचारलं, "पाच आणि चार?" ती म्हणाली, "नऊ." तेही मान वर न करता. मला वाटलं, थोरल्या बहिणीने मागून सांगितलं असणार. मी थोरलीला बाहेर हाकललं आणि परत पुठ्ठे उचलले. शनिवारपासून तर पोरगी तोंडच उघडेना. उत्तर दिलं की चुकतं, चुकलं की पट्टी. तिने बोलणंच बंद केलं.

शनिवारी मी निघताना लेसिएली दारापर्यंत आली. पदर नाही आमच्यात, नाहीतर तिने तो पिळला असता. स्कर्टच्या काठाशी चाळा करत म्हणाली, "वन्सं, एक सांगू? रागावू नका. हे म्हणत होते..."

"काय म्हणत होता?"

"म्हणत होते, पोरीला नारळांच्या ऐवजी दगडगोट्यांवर विचारून बघाल का?"

मला हसूच आलं. "दगडगोट्यांवर? त्याला सांग, शिकवायची परीक्षा मी दिलीय, त्याने नाही. तो स्वतः तिसरीतून पळाला होता रानात. त्याने नारळ सोलावेत."

हे मी मुद्दाम मोठ्याने बोलले. भिंतीपलीकडे सालटं फाटल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा. त्याने परत निरोप पाठवला नाही.

रविवारी आमच्याकडे कुणी काम करत नाही, प्रार्थना आणि जेवण. त्या दिवशी चर्चमध्ये तोकिलुपे पुढच्या रांगेत बसली होती. पोरं मागून "एकटा, एकटा" कुजबुजत होती. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. मंगळवारी कळलं की खुंटावर नारळ पिळताना कितिओनेचा हात घसरला आणि उजव्या तळव्यात खुंट घुसला. अंगठ्याखाली चांगला दोन बोटं खोल. लेसिएलीने पानं ठेचून फडक्याने बांधलं. राहिलेले नारळ त्याने डाव्या हाताने सोलले, आणि तोकिलुपेने. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, उद्या परीक्षा आणि आज पोरीला कामाला जुंपलंय.

बुधवारी सकाळी होडी आली. साहेब जाड्या अंगाचे, कमरेला मानाची चटई बांधलेली, घामाने निथळत होते. येताना सारखी ओकारी होत होती म्हणाले. मी त्यांना शहाळं दिलं. ते वर्गात बसले, पुठ्ठे बघितले आणि खूश झाले.

"बाई, हे तुम्ही केलेत? वा! मी यावरच विचारतो."

माझी छाती फुगली. पोरं एकेक करून पुढे आली. सेमीसी वीसपैकी वीस. बाकीची सतरा, अठरा. शेवटी तोकिलुपे. लेसिएलीने तिला धुतलेला गणवेश घातला होता, केसांना तेल लावून वेणी घातली होती. वेणीला लाल फीत. पाण्याच्या त्या दिवसांत गणवेश कशाने धुतला असेल कोण जाणे.

साहेबांनी सहा आणि दोनचे पुठ्ठे धरले. "सांग बाळा, मिळून किती?"

ती माझ्याकडे बघत होती. साहेबांनी परत विचारलं. तिने पुठ्ठ्यांकडे बघितलं, ओठ हलले. "चार."

"नऊ नारळ, त्यातले दोन नेले?"

"तीन," ती म्हणाली, मग घाबरून माझ्याकडे बघितलं आणि पुढचं गिळलं.

वीसपैकी शून्य. साहेबांनी कागदावर लिहिलं, चष्मा काढून पुसला आणि हळूच मला म्हणाले, "काही पोरं असतात अशी. तुमचा दोष नाही बाई."

"माझी भाची आहे," मी म्हटलं. "तुमच्याबरोबर धाडतेय. नुकुअलोफाला माझी बहीण उतरवून घेईल."

तोकिलुपे तिथेच उभी होती. तिने फक्त विचारलं, "आज?"

"आज," मी म्हटलं.

दुपारी सगळं गाव धक्क्यावर. घरोघरच्या नारळांच्या राशी वाळूवर लागलेल्या. ऊन असं की वाळूवर पाय ठरत नव्हता. तोकिलुपेचं बोचकं आधीच होडीत ठेवलं होतं: दोन झगे, एक चटई, उकडलेले टारोचे कंद पानात बांधून. लेसिएली धाकटीला घेऊन माडाखाली बसली होती, तोंडावर हात. मी जरा वरच्या अंगाला साहेबांशेजारी उभी होते. कितिओने खाली आपल्या राशीजवळ. हाताला रक्ताने काळं पडलेलं फडकं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बघायचं नसतंच.

त्याची पाळी आली. पण नारळ फेकणार कोण? होडीवाला हात पसरून उभा, आणि कितिओनेला एकच हात. तेवढ्यात तोकिलुपे पुढे झाली. गणवेशातच. तिने वाकून दोन्ही हातांत एकेक नारळ घेतला, शेंड्या धरून, आणि दोन्ही एकदम होडीवाल्याकडे फेकले.

"एक!" ती ओरडली.

परत दोन. "दोन!" परत दोन. "तीन!"

हा आवाज मी ऐकला होता. लहानपणी माडांच्या पलीकडून बाबांचा असाच आवाज यायचा, एक, दोन, तीन, आणि दहा झाले की "कोडी!" आम्ही मुली घरात चटयांवर. आमच्यापुढे नारळ यायचे ते खोवायला. ते रानात कसे मोजतात हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

"दहा! कोडी!" तोकिलुपे ओरडली आणि वाळूत एक काडी खोचली.

"पहिली," कितिओने म्हणाला. आणि मग बाप-लेकीचं रोजचं चालत असावं तसं सुरू झालं. तो विचारत होता, ती फेकता फेकता सांगत होती.

"चार झाल्या. कोडीला किती?"

"सहा!"

"सात झाल्या."

"तीन!"

"कोडीतल्या दोन नासक्या निघाल्या तर?"

"आठ! आणि दोन दुसऱ्या घालायच्या!"

टाळीची गरज नव्हती. त्याचं वाक्य संपायच्या आधी तिचं उत्तर. होडीवाला हसून ओरडला, "कितिओने, ही पोर मला दे, माझा हिशेबनीस रोज चुकतो!" माणसं हसली. पाचवी काडी वाळूत खोचली गेली. पाच कोड्या, म्हणजे शंभर नारळ. चर्चच्या माणसाने वहीत तेवढेच लिहिले.

वाळूवर एक नारळ उरला होता.

तोकिलुपेने तो उचलला. घामाने वेणी सुटलेली, गणवेशावर काथ्याचा चुरा. वाळू तुडवत, चटके बसतायत म्हणून चवड्यांवर उड्या मारत ती वर माझ्यापर्यंत आली आणि तो नारळ माझ्या पायाशी ठेवला.

"एकटा उरला," ती म्हणाली. "तुझा, आत्या."

माडाखालून लेसिएली उठून आली. तिला वाटलं असणार, पोरगी परत मार खाते. घाईघाईने म्हणाली, "वन्सं, तिला मारू नका. आमच्या घरी तसंच आहे. जोडीत बसला नाही तो एकटा नारळ तुमचे भाऊ तुमच्यासाठी बाजूला ठेवतात. लग्न झालं तेव्हापासून बघतेय मी. म्हणतात, एकटा निघाला तो ताईचा."

दर शनिवारी माझ्या दारात एक नारळ असायचा. बावीस वर्षं मी तो फोडून खाल्ला. कुठून येतो हे माहीत होतं, एकच का येतो हे कधी विचारलं नव्हतं.

मी वाळूतच खाली बसले. "तोकिलुपे, इकडे ये. ते पुठ्ठ्यावरचे नारळ तू जोडीनं मोजत होतीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "मग नारळ कसे मोजतात?"

"पाच आणि तीन?"

तिने तळहात मागे नेले. "नारळ?"

"नारळ नाही. माणसं. होडीत पाच माणसं होती, तीन आणखी चढली."

"आठ."

"नऊ माणसं. चार उतरली."

"पाच. माणसं जोडीनं नाही मोजत आत्या, माणसं भांडतात."

साहेब जवळ आले होते. ते पण वाळूत उकिडवे बसले, मोठ्या मुश्किलीने. "मासे?" त्यांनी विचारलं.

"जोडीनं."

"दगड?"

"दगड कोण मोजतं?" ती म्हणाली, आणि मागे सगळे हसले. पण साहेब हसले नाहीत. त्यांनी एकामागून एक वीस विचारले, माणसं, डुकरं, बादल्या. वीसच्या वीस बरोबर. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "माझे आजोबा असेच मोजायचे. मी साफ विसरलो होतो." त्यांनी पाकिटातून तो कागद काढला, शून्यावर काट मारली, बाजूला वीस लिहून सही केली. "बाई, पण तुम्ही इथल्याच ना?"

मी इथलीच. पुठ्ठे माझेच, पट्टी माझीच. आणि दगडगोट्यांवर विचारा असा निरोप आला तेव्हा मोठ्याने हसले तीही मीच.

होडीवाला भोंगा वाजवायला लागला. "पोरगी येतेय का नाही? ओहोटी लागतेय!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कितिओने खाली राशीच्या जागी उभा होता, डावा हात दुखऱ्या हाताखाली धरून, नजर वाळूत. तो काही म्हणणार नव्हता. मी 'जा' म्हटलं असतं तर त्याने स्वतः तिला उचलून होडीत ठेवलं असतं. आत्या शब्द मागे घेत नाही. माझ्या आत्याने घेतला नाही, तिच्या आत्याने घेतला नाही. घेतला तर पुढे कोण ऐकणार, हेच आम्हाला शिकवलेलं.

मी उठले आणि खाली गेले. माणसं बाजूला झाली. मी येतेय बघून कितिओने मागे सरकायला लागला, रीतीप्रमाणे.

"थांब," मी म्हटलं.

तो थांबला. सदतीस वर्षांनी मी त्याच्याशी समोरून बोलत होते. त्याच्या कानामागचे केस पांढरे झालेत हे मला तेव्हा दिसलं.

"कितिओने, मी चुकले. पोरीचं काही चुकलं नव्हतं. तू सांगून पाठवलंस, मी ऐकलं नाही. माझा शब्द मी मागे घेते."

म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कितिओनेने मान वर केली नाही. वाळूकडे बघत म्हणाला, "बोचकं काढून घे, तोकिलुपे." मग आणखी हळू, मला ऐकू येईल एवढंच, "ऊन लागतंय ताई. सावलीत हो."

दुसऱ्या दिवशी सेमीसीने वर्गात शिरतानाच सुरू केलं, "एकटा नारळ आला, एकटा नारळ!"

"उभा राहा," मी म्हटलं. "एकटा म्हणजे काय ते सांग."

त्याला कुठे सांगता येतंय? मी तोकिलुपेला पुढे बोलावलं. कोपऱ्यात एका बाजूला किनाऱ्यावरचे गोटे आणून ठेवले होते, दुसऱ्या बाजूला नारळ. मी जमिनीवर पोरांत बसले आणि तिला म्हटलं, "आम्हाला मोजायला शिकव."

तिने आधी माझ्या टेबलाकडे बघितलं. पट्टी तिथे नव्हती. मग तिने सेमीसीसमोर सात नारळ मांडले. "मोज."

"सात!" तो टाळीआधीच ओरडला.

"गोटे असते तर सात," ती म्हणाली. "रानात असं मोजलंस तर संध्याकाळ होईल." आणि त्याचे दोन्ही हात धरून दोन नारळांवर ठेवले.

अर्ध्या तासात सगळा वर्ग ओरडत होता, तीन, आणि एक एकटा! पोसेसी मास्तर दारात येऊन उभे राहिले. कडेच्या एका बारक्या पोरीने विचारलं, "पण तो एकटा कुणाचा?"

तोकिलुपे तळहात हळूहळू मागे न्यायला लागली.

"माझा," मी म्हटलं. "आण इकडे."